मॉड्यूल सर्वांत शेवटी : एक प्रस्तावना

रायपूरच्या पुरानी बस्तीतला विद्यार्थी प्रोजेक्टसाठी रेडिओ मॉड्यूल शोधू लागला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात : रेंज किती आणि किंमत किती? दोन्हींची उत्तरे पाकिटावर ठळक छापलेली सापडतात. शंभर मीटर, हजार मीटर, एका पाकिटावर तर अठराशे. हा आकडा मोकळ्या मैदानातला असतो, आणि महामाया मंदिरामागच्या गल्ल्यांत मोकळे मैदान नाही. तिथे चुन्या-विटांच्या हातभर जाड भिंती आहेत, पत्र्याची छपरे आहेत, गच्चीगच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि प्रत्येक घरात एक वाय-फायचा राउटर आहे. राहिली किंमत. संपूर्ण प्रोजेक्टच्या खर्चात बहुतेक वेळा तो सर्वांत लहान आकडा असतो. तरी निवड सगळी त्याच्यावरच अडून बसते.

या पुस्तिकेत क्रम उलटा आहे. मॉड्यूल सर्वांत शेवटी निवडायचा. आधी कागद घ्यायचा आणि त्यावर लिहायचे की निरोप काय आहे आणि किती बाइटांचा, तो किती वेळाने पाठवायचा, एखादा चुकला तर काय बिघडते, मधे काय उभे आहे आणि वीज कुठून येणार. एवढे प्रामाणिकपणे लिहिले की दहा-बारा मॉड्यूलांपैकी आठ-नऊ आपोआप गळतात. राहिलेल्या दोन-तीनांत मग किंमत खुशाल बघावी.

उदाहरणासाठी तीन प्रोजेक्ट धरू. पुढच्या प्रकरणांत तेच पुन्हा पुन्हा येतील. पहिला, तात्यापाऱ्यातल्या दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी किती भरली ते खाली स्वयंपाकघरात दाखवणे. दुसरा, जॉयस्टिकने चालणारी छोटी गाडी, म्हणजे प्रत्येक तंत्रप्रदर्शनात हमखास दिसणारी. तिसरा, बूढा तालाबाच्या एका काठावर पाण्याची पातळी आणि तापमान मोजून पलीकडच्या काठावर आकडे घेणे. टाकीचा निरोप एका बाइटात मावतो, पाच मिनिटांतून एकदा गेला तरी पुरतो आणि एखादा हरवला तर कुणाचेही नुकसान होत नाही. गाडीला दर सेकंदाला तीस-चाळीस निरोप लागतात. त्यातला एखादा हरवला तरी चालेल, पण उशिरा पोहोचलेला नको, कारण तोवर गाडी भिंतीला धडकलेली असते. तलावाचा निरोप दहा बाइटांचा, तासातून चार वेळा, पण अंतर मोठे आणि वीज बॅटरीचीच. या तिघांना एकच मॉड्यूल सुचवणारा माणूस एक तर दुकानदार असतो, नाही तर त्याच्याकडे तेवढा एकच मॉड्यूल असतो.

मोठ्या रेडिओची या शहराला ओळख नाही असे नाही. रायपूर आकाशवाणी १९६३ मध्ये सुरू झाली. ९८१ किलोहर्ट्झवरच्या तिच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाची शक्ती १०० किलोवॅटची होती आणि एका लहरीची लांबी सुमारे ३०६ मीटर. विद्यार्थ्याच्या हातातल्या नखाएवढ्या चिपची शक्ती एक मिलिवॅट, म्हणजे आकाशवाणीच्या दहा कोटीव्या हिश्शाएवढी. लहर साडेबारा सेंटिमीटरची. आकाशवाणीची लांब लहर छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत घरात शिरून ऐकू येई. ही आखूड लहर शेजारच्या खोलीत जातानाच दमते. म्हणून रेंजचा विचार करताना आधी लहरीची लांबी बघायची, मग शक्ती. पहिल्या दोन प्रकरणांत एवढेच गणित आहे, आणि ते बारावीपलीकडचे नाही.

त्या गणिताचा एक नमुना इथेच देतो. विद्यार्थ्यांत सर्वांत लाडका मॉड्यूल एनआरएफ२४एल०१+. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीची ही चिप २.४ गिगाहर्ट्झवर चालते, मॉड्यूल शंभर रुपयांच्या आसपास मिळतो आणि एका वेळी ३२ बाइट पाठवतो. त्याची शक्ती ० डीबीएम, म्हणजे एक मिलिवॅट. डेटाशीटप्रमाणे सेकंदाला २ मेगाबिटचा वेग ठेवला तर त्याला −८२ डीबीएमपर्यंतचे ऐकू येते, २५० किलोबिटवर आणले तर −९४ पर्यंतचे. मोकळ्या हवेत १०० मीटरवर २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ८० डेसिबल गमावते. वेग २ मेगाबिट असेल तर हातात उरतात जेमतेम २ डेसिबल. वेग उतरवला तर १४. एका जाड भिंतीत दोन डेसिबल सहज जातात, चौदा मात्र पुरून उरू शकतात. आता गंमत अशी की जॉयस्टिकच्या गाडीलासुद्धा २५० किलोबिट भरपूर होतात. तरीही वेग चढा ठेवून ‘रेंज मिळत नाही’ म्हणणारे प्रोजेक्ट प्रत्येक प्रदर्शनात दिसतात. प्रोग्राममधली एक ओळ बदलली की काम होते, पण त्याआधीच दुप्पट पैशांचा लांब अँटेनावाला मॉड्यूल मागवला जातो.

त्या लांब अँटेनावाल्याचे दुखणे वेगळे. त्यात शक्ती वाढवणारा जास्तीचा भाग असतो आणि प्रसारण करताना तो शंभर मिलिअँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. अर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेकडून ५० मिलिअँपियरच घ्यावेत असे अर्डुइनोची कागदपत्रे सांगतात. परिणामी जवळ ठेवलेले दोन मॉड्यूल बोलत नाहीत आणि दोष चिपवर जातो. साध्या मॉड्यूललाही पुरवठा स्थिर लागतोच. ब्रेडबोर्डावरच्या लांबलचक जम्पर वायरींतून येणारी वीज प्रसारणाच्या क्षणी डगमगते. मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिनांवर, अगदी लगत, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर सोल्डर केला की निम्म्या तक्रारी मिटतात. काही रुपयांचा हा भाग, पण किटच्या पाकिटात तो कधीच नसतो. आणखी एक : शक्तिमान मॉड्यूल टेबलावर एकमेकांना चिकटवून तपासू नयेत. इतक्या जवळून रिसीव्हरचे कान बधिर होतात. शक्ती सर्वांत खाली आणावी आणि दोघांत एक खोली सोडावी.

बाजारातल्या एनआरएफ२४ पैकी पुष्कळ मॉड्यूलांवर मूळ चिप नसते, तिच्यासारखी दुसरी बसवलेली असते. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. नक्कल नकलेशी व्यवस्थित बोलते, मूळ मूळशी बोलते. मिश्र जोडी झाली की पोचपावतीच्या वेळी काही अडखळतात. यावर साधा उपाय म्हणजे सगळे मॉड्यूल एकाच पाकिटातून घ्यायचे. शेवटी अधिकचे चिन्ह असलेली चिप आणि त्याआधीची जुनी यांतला फरकही तपासता येतो : जुनीला २५० किलोबिटचा वेग येत नाही. तो मागून पाहायचा. जमला नाही तर चिप जुनी.

आता शेजारच्या राउटरांचा प्रश्न. एनआरएफ२४ ला ० ते १२५ असे वाहिन्यांचे आकडे आहेत. २४०० मध्ये तो आकडा मिळवला की मेगाहर्ट्झ मिळतात. वाय-फायपासून दूर जायचे म्हणून परदेशी व्हिडिओंत १०० च्या पुढची वाहिनी सर्रास सुचवली जाते. तिथे शांतता असते हे खरे, पण ती जागा आपली नाही. भारतात विनापरवाना वापरता येणारा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. ८३ च्या पुढे जायचे नाही. प्रोग्रामच्या लायब्ररीत मुळात ठेवलेली ७६ ही वाहिनी म्हणजे २४७६ मेगाहर्ट्झ. वाय-फायची अकरावी वाहिनी जिथे संपते त्याच्या ती किंचित वर पडते आणि बहुतेक गल्ल्यांत कमी गर्दीची असते. पुरानी बस्तीत ती आधी वापरून पाहावी.

दुसरे टोक ४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त जोडीचे. एक हिरवा चौकोनी ट्रान्समीटर, एक लांबट रिसीव्हर, दोन्ही मिळून एका वडापावच्या बेताच्या खर्चात नसले तरी त्याच्या फार पुढे नाहीत. या जोडीला इंटरनेटवर भरपूर शिव्या मिळतात. मला ती आवडते, आणि हा माझा पक्षपात पुस्तिकेभर दिसेल. कारण असे की महागड्या चिपमध्ये काय चालते ते विद्यार्थ्याला कधीच दिसत नाही. तो लायब्ररी जोडतो, आकडे येतात, विषय संपतो. या जोडीत सगळे उघडे आहे. एक म्हणजे लहर चालू, शून्य म्हणजे बंद. रिसीव्हरच्या डेटा पिनेवर ऑसिलोस्कोप लावला, किंवा मधे एक रोधक घालून जुना इअरफोन लावला, तरी निरोप येताना ऐकू येतो. आणि निरोप नसतानाही काहीतरी ऐकू येतच असते, सतत खरखर. रिसीव्हर सुपर-रिजनरेटिव्ह जातीचा. एडविन आर्मस्ट्राँगने १९२२ मध्ये मांडलेली ही युक्ती. इथे एकाच ट्रान्झिस्टरला आंदोलनाच्या काठावर नेऊन प्रचंड वर्धन मिळवायचे. समोर लहर नसली की तो स्वतःचाच आवाज वाढवत बसतो. म्हणून खरा निरोप सुरू होण्याआधी एक-शून्य-एक-शून्य अशी नुसती टकटक पाठवावी लागते. कीर्तनात डुलकी लागलेल्या श्रोत्याला सावरून बसायला दोन टाळ वाजावे लागतात, तसेच हे.

ही टकटक किती लांब ठेवायची, एक आणि शून्यांची संख्या सारखी का राखायची, निरोपाच्या शेवटी तपासणीचा आकडा का जोडायचा, हे प्रश्न या जोडीपाशीच विद्यार्थ्याला स्वतःहून पडतात. माइक मॅकॉली यांनी लिहिलेल्या व्हर्च्युअलवायर आणि नंतरच्या रेडिओहेड या लायब्ऱ्या हे सगळे तयार करून देतात. तरी एकदा हाताने लिहून पाहावे. गच्चीवरच्या टाकीला ही जोडी पूर्ण पुरते. ट्रान्समीटरला उत्तर ऐकू येत नाही, तेव्हा निरोप तीनदा पाठवायचा आणि प्रत्येक वेळी त्यावर क्रमांक टाकायचा. १७.३ सेंटिमीटर लांबीची सरळ तार अँटेनाच्या जागी सोल्डर करायची, कारण लहर ६९ सेंटिमीटरची आणि तिचा चौथा हिस्सा एवढाच होतो. मॉड्यूलसोबत येणारी पिळदार स्प्रिंग दिसायला छान असते. सरळ तार तिच्यापेक्षा चांगली चालते. अंतराच्या हिशेबातही ४३३ ला जन्मजात सवलत आहे : तेवढ्याच अंतरात २.४ गिगाहर्ट्झपेक्षा जवळपास १५ डेसिबल कमी खर्च होतात.

एक इशारा. या जोडीवर दाराचे कुलूप किंवा गेट उघडू नये. आज पाठवलेला निरोप उद्या कुणीही ऐकून जसाच्या तसा परत पाठवू शकतो. मोटारींच्या चाव्यांत दर वेळी बदलणारा संकेत असतो तो त्यासाठीच.

कायद्याचे प्रकरण विद्यार्थी वगळतात, म्हणून ते मुद्दाम मधोमध ठेवले आहे. भारतात बिनतारी उपकरणांचे नियमन १९३३ च्या कायद्यापासून चालत आले, आता त्याजागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. पण कोणती जागा विनापरवाना हे वेगवेगळ्या अधिसूचनांनी ठरते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून मोकळा आहे. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ खुला झाला, पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. तिथे प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंत चालते आणि एका वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. ४३३ ते ४३४ मध्ये मात्र मर्यादा १० मिलिवॅटची आणि वाहिनी अगदी अरुंद. एचसी-१२ हा चारशे-पाचशे रुपयांचा लोकप्रिय मॉड्यूल पाकिटातून निघतो तोच १०० मिलिवॅटवर. एटी+पी४ ही आज्ञा दिली की तो ८ डीबीएमवर, म्हणजे सुमारे ६ मिलिवॅटवर येतो. त्याच्या शंभर वाहिन्यांपैकीही पहिल्या दोनच ४३४ च्या आत आहेत. प्रदर्शनात कुणी तपासायला येत नाही हे मलाही माहीत आहे. पण इंजिनिअर व्हायला निघालेल्याने आपण कुणाच्या जागेत बोलतो आहोत हे न पाहता बोलू नये. ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल तर घेऊच नयेत. ते अमेरिकेतल्या मोकळ्या पट्ट्यासाठी बनतात, आणि आपल्याकडे ८९० ते ९१५ ही मोबाइल हँडसेटने टॉवरशी बोलण्याची जागा आहे.

तलावाच्या प्रोजेक्टला ८६५ चा पट्टा आणि लोरा, हे उत्तर कागदावरूनच निघते. लोराची कल्पना फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीची. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली. एकाच वारंवारतेवर थांबण्याऐवजी लहर खालून वर सरकत जाते आणि त्या सरकण्यात निरोप दडवलेला असतो. म्हणून गोंगाटाखाली बुडालेला निरोपही उपसून काढता येतो. किंमत मोजावी लागते ती वेळात. इथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात : रेंज हवी म्हणून प्रसरण घटक (स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे लहरीचे हे सरकणे किती लांबवायचे तो आकडा) बारावर नेतात. दहा बाइटांचा निरोप १२५ किलोहर्ट्झच्या रुंदीत सातव्या घटकावर सुमारे ४१ मिलिसेकंदांत जातो. बाराव्यावर त्याला जवळपास एक सेकंद लागतो. बॅटरी तेवढ्याच पटीने रिकामी होते आणि हवा तेवढा वेळ अडून राहते. तलावाची रुंदी ५०० मीटर धरली तर मोकळ्या हवेत ८६६ मेगाहर्ट्झवर साधारण ८५ डेसिबल जातात. २५ मिलिवॅट, म्हणजे १४ डीबीएमने पाठवले आणि सातव्या घटकावर −१२३ डीबीएमपर्यंत ऐकू आले तर हाताशी पन्नासहून अधिक डेसिबल उरतात. बारा कशाला हवेत?

पन्नास डेसिबल खाणारी गोष्ट मात्र तलावात आहे. मधोमध बेट आहे, त्यावर झाडांचे उद्यान आणि विवेकानंदांचा बसलेला मोठा पुतळा. दोन काठांना जोडणारी रेघ त्या बेटावरून गेली तर झाडे आडवी येतात. रेघ थोडी तिरपी घेतली तर नुसते पाणी राहते. पाण्याचीही खोड आहे. ते लहर परावर्तित करते, आणि अँटेना काठाच्या दगडावर ठेवली तर थेट आलेली आणि पाण्यावरून आलेली लहर एकमेकींना मारतात. एवढ्या अंतराला ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीला मधोमध साडेसहा मीटरच्या आसपास त्रिज्येची जागा लागते. तिचा साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे चार मीटर. एका टोकाला बांबू आणि दुसऱ्या टोकाला कुणाची तरी गच्ची मिळवणे हे या प्रोजेक्टमधले खरे अभियांत्रिकी काम आहे. लोराचा मॉड्यूल घेताना एसएक्स१२७८ ऐवजी एसएक्स१२७६ घ्यावा, कारण पहिला ५२५ मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. दिसायला दोघे जुळे आहेत आणि दुकानात अदलाबदल होते. पाकिटावर ८६८ लिहिले आहे का ते पाहावे.

वाय-फायच्या ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ वर एकच प्रकरण आहे, आणि ते छोटे आहे. चिप उत्तम, त्यात वादच नाही. २०१४ मध्ये पहिला छोटा ईएसपी-०१ बाजारात आला आणि प्रोजेक्टचे जगच बदलले. घरात राउटर असेल आणि जवळ प्लगपॉइंट असेल तर टाकीच्या प्रोजेक्टला तो हवाच. आकडा थेट मोबाइलवर दिसतो. राउटर नको असेल तर ईएसपी-नाऊ या पद्धतीने दोन चिप परस्परांशी बोलतात आणि एका वेळी २५० बाइट जातात. पण प्रसारण करताना ईएसपी८२६६ ला १७० मिलिअँपियर लागू शकतात. बॅटरीवर त्याला जपून झोपवावे लागते, आणि झोपवण्याचे काम निरोप पाठवण्यापेक्षा अवघड आहे.

विजेच्या प्रकरणातला एक हिशेब इथेच सांगून टाकतो, कारण त्यावर प्रोजेक्ट मरतात. एनआरएफ२४ ला झोपेत मायक्रोअँपियरहूनही कमी लागते, हे वाचून विद्यार्थी खूश होतो आणि सगळे अर्डुइनो उनोवर ठेवून चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावतो. रेडिओ झोपला तरी उनोचा बोर्ड, त्यावरचा दिवा, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज नियंत्रक मिळून ४०-५० मिलिअँपियर खातच राहतात. त्या बॅटरीची क्षमता पाचशे मिलिअँपियर-तासांच्या आतबाहेरच असते. सकाळी लावलेली बॅटरी संध्याकाळपर्यंत मावळते. तोच मायक्रोकंट्रोलर बोर्डाशिवाय, नुसता, दोन पेन्सिल सेलवर ठेवला आणि नीट झोपवला तर काही मायक्रोअँपियरमध्ये भागते आणि महिनोन्‌महिने चालतो. रेडिओच्या निवडीने एवढा फरक कधीच पडत नाही.

वीज आधी आणि रेडिओ नंतर हा क्रम पुण्याच्या विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रमाणावर पाळलेला आहे. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या मुलांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. किलोभर वजनाचा, १० सेंटिमीटरचा ठोकळा. काम एवढेच की पृथ्वीवरच्या हौशी रेडिओचालकाने पाठवलेला छोटा निरोप घ्यायचा आणि दुसरीकडे पोहोचवायचा. एवढ्याशा ठोकळ्याच्या बाजूंवर जितके सौर घट मावतील तितकीच वीज, म्हणून निरोप छोटे. उपग्रहाची दिशा राखण्यासाठीही वीज खाणारे यंत्र नव्हते. चुंबकाने तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेई. आमच्या टाकीच्या प्रोजेक्टवाल्या मुलाला मी हा उपग्रह अवश्य दाखवतो. हौशी रेडिओचा परवाना आपल्याकडे बाराव्या वर्षापासून मिळू शकतो, परीक्षा द्यावी लागते. ज्याला विनापरवाना मर्यादांच्या पलीकडे खेळायचे आहे त्याने तोच रस्ता धरावा. शेवटचे प्रकरण त्या परीक्षेवर आहे.

माल कुठे मिळतो यावर फार लिहिलेले नाही, कारण पुस्तिका छापून होईतो ते जुने होते. रायपुरात जयस्तंभ चौकाजवळ रवी भवनात मोबाइलचे सुटे भाग मिळतात, सोल्डरचे सामान मिळते, कधी कधी मॉड्यूलही. नागपूरला कुणाचे येणेजाणे असेल तर सीताबर्डी. पुण्यात शिकणारे चुलत-मामेभाऊ असतील तर त्यांना तपकीर गल्लीचा पत्ता सांगावा लागत नाही. बाकी सगळे कुरिअरने येते.

पुस्तिका मराठीत का, असे हिंदीभाषक मित्र विचारतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे आलेली घरे आहेत. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले तरी घरे राहिली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाला नव्वदीच्या घरातली वर्षे झाली. इथली मुले शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी आणि आजीशी मराठी बोलतात, आणि त्यांच्या मराठीत ‘मॉड्यूल जल गया वाटतं’ अशी वाक्ये सहज येतात. ती मी सुधारलेली नाहीत. याच शहरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला आणि दासबोध, गीतारहस्य हिंदीत नेले. उलट दिशेने थोडे आणायला हरकत नसावी. तांत्रिक शब्द बहुतेक ठिकाणी जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. कपॅसिटरला कुणी धारित्र म्हणत नाही, मीही म्हटलेले नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक रिकामा तक्ता आहे : अंतर, मधल्या भिंती, पाठवलेले निरोप, पोहोचलेले निरोप. तो भरल्याशिवाय पुढचे प्रकरण उघडू नये. शंभर निरोप पाठवावेत आणि किती आले ते मोजावेत. ‘येतंय बऱ्यापैकी’ हे उत्तर त्या रकान्यात मावणार नाही इतका तो अरुंद ठेवला आहे. मोजमाप दोनदा घ्यावे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर, कारण तेव्हा गल्लीतले सगळे राउटर कामाला लागलेले असतात. नवरात्रात महामायेला गर्दी असते तेव्हा तिसऱ्यांदा घेता आले तर उत्तमच. माणसाच्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि २.४ गिगाहर्ट्झला ते अजिबात आवडत नाही. आणि मॉड्यूल दोन लागणार असतील तर तीन मागवावेत. दोघांतला नेमका कोण बिघडला आहे हे तिसऱ्याशिवाय कळत नाही.